हिलेवीचा उंचवटा

स्वीडनमधल्या उप्सालाच्या एका प्रयोगशाळेत सिगवार्द हेडक्विस्त एकतीस वर्षं एकाच यंत्राची देखभाल करत होता. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर क्ष-किरण पाडायचे, त्यातून उडालेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची आणि आलेखावरून ते नळीत कसे नांदत होते ते ताडायचं, हे तिथल्या संशोधक हिलेवीचं काम. नळ्या आम्लात धुऊन यंत्रात चढवायच्या आणि आतली हवा उपसायची, हे सिगवार्दचं. गळती त्याला पंपाच्या आवाजावरूनच कळायची.

"तू माणसांपेक्षा पंपांचं जास्त ऐकतोस," हिलेवी म्हणायची.

"पंप उलटून बोलत नाहीत."

एका हिवाळ्यात आलेखावर छोटासा उंचवटा उमटला. असा तोवर कुणी पाहिला नव्हता. हिलेवीने सिगवार्दचे दोन्ही हात धरून त्याला यंत्राभोवती गरगर फिरवलं. लेख छापून आला, आणि पंधरा दिवसांत तिच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला.

ती इस्पितळात असताना सिगवार्दने उरलेल्या नळ्या पुन्हा धुतल्या. कुणी सांगितलं नव्हतं, सवयच तशी. मोजल्या, तर उंचवटा गायब! नळ्या बनवताना वापरलेलं लोखंड कणभर मागे राहिलं होतं, उंचवटा त्याचाच. आणि पहिल्यांदा नळ्या धुतल्या होत्या सिगवार्दनेच.

आठवडाभर तो वेलदोड्याचे पाव घेऊन तिच्याकडे जायचा आणि ते न सांगताच परतायचा. शेवटी तीच म्हणाली, "तोंड का एवढंसं झालंय तुझं? मरतेय मी, तू नाही."

त्याने सांगून टाकलं.

"किती वेळा मोजलंस?"

"तीनदा."

ती भिंतीकडे वळली. "मी गेल्यावर सांगायचं होतंस रे." बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. मग नाक पुसून ती म्हणाली, "कागद घे. लेख मागे घेतेय म्हणून लिही."

"माझ्या धुण्यात चूक झाली, असं लिहितो."

"लेखावर नाव कुणाचं? माझं. मग चूकही माझी. लिही मुकाट्याने."

ती सही करेपर्यंत त्याने कागद दाबून धरला.

एप्रिलमध्ये ती गेली. तोवर उंचवट्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही, आणि पूर्वीसारखी ती हसलीही नाही. आपण बरोबर केलं की तिचा शेवटचा आनंद हिरावला, हे सिगवार्दला कधीच ठरवता आलं नाही. दफनानंतरच्या सोमवारी तो कामावर गेला. नव्या नळ्या आल्या होत्या. त्या त्याने दोनदा धुतल्या, मग तिसऱ्यांदा, आणि आम्लाचं भांडं हातात धरून तसाच उभा राहिला.