कडूबाईच्या दोन घागरी

बेंबळीचा बलभीम साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत खमीर सांभाळायचा. साखर काढून उरलेल्या काळ्या मळीचं अल्कोहोल करणारं ते खमीर. विरजणासारखं दर खेपेला थोडं मागं ठेवायचं आणि पुढच्या टाकीला लावायचं. आठ वर्षं त्यानं ते एका पिंपात पोटच्या लेकरागत जपलं होतं. गडी गुणाचा, पण स्वतःच्या कौतुकाला जरा जास्तच भुकेला.

शहाऐंशीच्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला. पाणी वाचवायचं म्हणून अल्कोहोल काढून भट्टीत उरलेलं आंबट पाणीच पुन्हा टाक्यांत फिरवायला लागले. दोन आठवड्यांत टाक्यांचा फेस बसला, पिंपही थंड पडलं. केमिस्ट साहेब म्हणाले, "खमीर मेलं तुझं. उद्या ओतून टाक, पुण्याहून नवं मागवू."

रात्री बलभीमनं ताट तसंच बाजूला सारलं. बायकोनं, कडूबाईनं, खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"मेलं न्हाय, आंबटानं गुदमरलंय ते," ती म्हणाली. "आंबील लई आंबली की आमी काय करतो? वरची निवळ ओतायची, ताजं पाणी घालायचं. जीव तळाला असतोय, अवो."

"ताजं पाणी कुठं हाय?"

सकाळी ती टँकरच्या दोन घागरी डोक्यावर घेऊन त्याच्या पुढं चालू लागली. घरात प्यायलाही मागं तांब्याभरच उरलं होतं.

बलभीमनं पिंपातलं वरचं आंबट पाणी हलक्या हातानं ओतलं, तळाचा राखाडी गाळ राखला. पाणी घातलं, ढवळलं, बसू दिलं, पुन्हा निवळ काढली. मग उरलेलं पाणी आणि थोडी ताजी मळी घातली. दुपारी पिंपात बुडबुडे उठले. बलभीमला रडूच आलं.

साहेबांनी वाकून पाहिलं. "वा रे! ही अक्कल कुणाची?"

"माझीच की, सायेब!"

रिकाम्या घागरी न्यायला आलेली कडूबाई दारातच होती. तिनं घागरी उचलल्या आणि टँकरच्या रांगेकडं निघून गेली.

खमीर वाचलं. साहेबांनी आंबट पाणी फिरवणं थांबवलं. पाणी कमी म्हणून टाक्या निम्म्यावर आल्या, पण चालल्या. बलभीमचा सत्कार झाला, नारळ मिळाला. कडूबाईनं त्याच नारळाची चटणी वाटली. त्या दिवसाबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला आता वाटतं.

आता डिस्टिलरी बंद आहे आणि कडूबाईला जाऊन सहा वर्षं झाली. चहाच्या टपरीवर जो शेजारी बसेल त्याला म्हातारा बलभीम सांगतो, "अक्कल तिची होती, पाणीबी तिचंच." लोक माना डोलावतात. तिच्या हातचं पुढं तीस वर्षं जेवला, पण तिच्यासमोर हे एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही.