पेटीवाल्याची फ्यूग

आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, तेही कॉमर्सला. पाश्चात्त्य संगीतावर लिहावं एवढं मला आजही कळत नाही. पण फ्यूग नावाची त्यांची एक रचना शिकलो आणि कॅसेटवर उतरवली, तेवढंच सांगतो.

नव्वदीची सुरुवात होती. मोरिवलीच्या भजनी मंडळात बाबा बुवा होते आणि मी पेटीवर. अंबरनाथच्या एका सोसायटीत गणपतीला आमचं भजन झालं. तिथं कारखान्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी राहत. त्यांनी मला घरी बोलावलं आणि मुलाने मस्कतहून पाठवलेला डिजिटल पियानो दाखवला. एकसष्ट पट्ट्यांचा, साधाच. त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागलो. त्यांना मी सर म्हणायचो.

पहिली अडचण डाव्या हाताची. पेटीवर त्याचं काम भाता हलवण्याचं. इथंही तो मधेच पट्ट्या सोडून पियानोच्या मागे जाई.

"हवा विजेवर येते रे बाळा," सर म्हणत. "त्याला पुढं आण."

सरांनी बरोक काळातली, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीची, तीन आवाजांची एक फ्यूग निवडली. एक आवाज, म्हणजे सुरांची एक ओळ, चाल म्हणतो, मग दुसरा तीच चाल वरून उचलतो, मग तिसरा खालून. मला ते लगेच कळलं: बुवा म्हणतो, मग कोरस म्हणतो. म्हणून दुसरा आवाज आला की मी पहिल्याचे सूर सोडून द्यायचो. मला ते भरीचे वाटायचे.

"थांबलास का?"

"दुसऱ्याला म्हणू द्यायला, सर."

सर बराच वेळ हसले. "इथं कुणी गप्प बसत नाही. आपलं म्हणत दुसऱ्याचं ऐकायचं."

घरी हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "मग त्यांच्यात बुवा कोण, ते ठरतं कसं?"

तरी आठ महिन्यांत फ्यूग बसली. खालचे दोन सूर त्या पियानोवर नव्हतेच, ते सरांनी वरच्या सप्तकात लिहून दिले. मुंबईत सरांचे एक स्नेही पियानो शिकवत. वर्षाला एकच नवा विद्यार्थी घेत, तोही कॅसेट ऐकून. मला तिथं जायचं होतं. इतक्या मनापासून मी तोवर काहीच मागितलं नव्हतं.

कोरी कॅसेट शेजारच्या शहरातल्या कॅम्प दोनच्या बाजारातून आणली. दुकानदार सिंधी, ओळखीचा.

"साठवाली ले जा, नब्बेवाली की पट्टी फसती है. कौन सा गाना भरेगा?"

"गाना नहीं है. खाली बाजा."

"गाना नहीं? तो सुनेगा कौन?"

"एक ही आदमी," मी म्हणालो. त्याने कॅसेट कागदात बांधून दिली.

अंबरनाथला शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे भोंगा नसे. त्या दुपारी सरांनी टेपरेकॉर्डर उशीवर ठेवला. पहिल्या खेपेला कुकरची शिट्टी आली, दुसऱ्या खेपेला माझाच हात घसरला. तिसरी खेप स्वच्छ गेली. फक्त तिसरा आवाज आला तेव्हा जुन्या सवयीने मी बाकीचे दोन्ही आवाज क्षणभर थांबवले.

"पुन्हा करू या?" मी विचारलं.

"चारदा केलंस तर घाबरून वाजवशील. हीच पाठवू."

सरांनी ती दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकली. कॉलेजची परीक्षा झाली, निकाल लागला, पास झालो. मुंबईहून काही नाही. कॅसेटवर मी थांबलो तो क्षण आठवला की कान तापायचे. तरी रविवारी मी जात राहिलो, नवी फ्यूग घेतली. खरं सांगायचं तर ते दिवस चांगलेच गेले.

मग एका संध्याकाळी सर स्कूटरवरून मोरिवलीला आले, पहिल्यांदाच. अंगणात बाबा मंडळाचे टाळ पुसत होते. त्यांनी खुर्ची पुढं केली. सर बसलेच नाहीत. खिशातून आंतर्देशीय पत्र काढलं आणि उभ्यानेच वाचलं.

"'मुलाला घेतले आहे. शनिवारी दुपारी दोनला पाठवा. नखे कापून येऊ दे.'"