चिनारांखालच्या गाठी

तेहरानच्या वलीअस्र रस्त्याला माझ्या हयातीत तीन नावं मिळाली, पण कडेचे चिनार आणि त्यांच्या मुळांशी झुळझुळणारं पाटाचं पाणी तेच राहिलं. त्या पाण्यातला कचरा जाळीशी अडवून काढायला पालिकेनं माझे बाबा, नुसरत आगा, नेमले होते.

नवरोजच्या तेराव्या दिवशी लोक ताटलीत उगवलेले गव्हाचे अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात, म्हणजे घरातली इडापिडा जाते. जाणार कुठं? ती बाबांच्या जाळीत येऊन अडकायची. दुसऱ्याचे अंकुर हाताला लागणं वाईट, तरी बाबा ओंजळी भरभरून काढायचे. “अख्ख्या शहराची पीडा माझ्याच बोकांडी!” म्हणून ओरडायचे.

लग्नाळू पोरी त्या पात्यांना गाठ मारतात. गाठ सुटली की लग्न जमतं. मग बाबा चिनाराखाली, हिरवट उजेडात, तंद्री लागल्यासारखे एकेक गाठ सोडवत बसायचे. आई करवादायची, “स्वतःची पोर घरात, आणि हे गावाच्या पोरी उजवतायत!”

मीही दरवर्षी वरच्या अंगाला, तजरीश चौकात, घरच्या रिळाचा लाल दोरा बांधून माझी गाठ पाण्यात सोडायची.

आता आई नाही. मी पन्नाशी ओलांडली. परवा चहा देताना विचारलं, “बाबा, लाल दोऱ्याची गाठ कधी सापडली का हो?”

“दरवर्षी सापडायची.”

“मग?”

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “सोडवायला घ्यायचो गं. मग वाटायचं, ही गेली तर आपल्याला चहा कोण देणार? वर आणखी एक गाठ मारायचो.”

पेला अजून अर्धा भरलेला होता. मी तो त्यांच्यासमोरून उचलून नेला.