गल्लीत पत्ता विचारणारा बंडा

बंडा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. शालनवहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले... झोपेतच." अर्ध्या दाढीनं गडमुडशिंगीला त्याच्या घरी पोचलो, तर अंगणात कुजबुज चालू होती, "पिऊनच गेला असंल की." हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण गावाला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं. महिना झाला, माझा राग उतरलेला नाही. म्हणून हे छापून यावं एवढीच इच्छा आहे: बारा वर्षं बंडानं थेंबाला हात लावला नव्हता.

त्याआधी आम्ही दोघंही प्यायचो. उद्यमनगरात एकाच कारखान्यात आमची लेथ मशीनं शेजारी-शेजारी. आम्हाला चावलेले डास झिंगून भिंतीवर आपटायचे. बंडाचा आवाज तर असा, की त्यानं कारखान्यात "चहा" म्हटलं की जोतिबाच्या डोंगरावर कोणीतरी कप विसळायला घ्यायचं. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास एका सकाळी थरथरता हात त्यानं फिरत्या मशीनात घातला आणि उजव्या हाताचं एक बोट परत आलं ते अर्धंच. टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी दिली. गुरुवार, संध्याकाळी सहा, गल्लीचं नाव, शाळेची मागची खोली. दारू सोडू बघणारी माणसं तिथं जमतात, एकमेकांना आपापलं सांगतात. "पाटी नाही. नावं गुप्त असतात. शांतपणे जा," बाई म्हणाल्या. बंडा मला म्हणाला, "सख्या, तू बी चल. एकट्यानं गेलो तर वाटंत गुत्ता लागतोय."

शांतपणे... त्या गल्लीत शाळा दोन निघाल्या. मी म्हटलं, हळूच कुणाला तरी विचारू. तोवर बंडानं मधोमध उभं राहून हाक दिली, "पावणं, दारू सोडायची बैठक कुठं भरती हो?"

गल्ली गप्प झाली. नळाचं पाणीसुद्धा थांबलं, हे मी अजून शपथेवर सांगतो. मग वरच्या गॅलरीत पापड गोळा करणाऱ्या एक आक्का बोलल्या, "ती व्हय? दगडी शाळंच्या मागं. जरा थांबा, आमच्या ह्यांनाबी न्या की." ह्यांना त्यांनी चपलासुद्धा घालू दिल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं आपला मेव्हणा काढून दिला. गुप्त बैठकीला आम्ही मिरवणुकीनं पोचलो. फक्त हलगी तेवढी नव्हती.

दारात एक निवृत्त गुरुजी उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, इथं माणसं नाव लपवून येतात."

"गुरुजी," बंडा म्हणाला, "पिऊन गटारीत पडलो तवा सगळ्या कोल्हापूरनं बघितलंय. मग सोडताना कशाला लपू?"

गुरुजींनी आणखी एक सतरंजी अंथरली.

पुढं पत्ता पाठ झाला, तरी दर गुरुवारी बंडा गल्लीच्या तोंडाशी तीच हाक द्यायचा आणि आक्का वरून तोच पत्ता सांगायच्या. एकदा मी वैतागलो, "आता पुरं की लेका." तो म्हणाला, "एखादा चिठ्ठी खिशात घालून फिरत असंल. त्याला विचारायची लाज वाटती. मला न्हाय वाटत." मी मधे दोनदा घसरलो. दोन्ही वेळा गुत्त्याच्या दारात येऊन तो ओरडला, "सखाराम गणू, बाहेर ये." माझ्याबरोबर बाकीची गिऱ्हाइकंही बाहेर आली.

बंडा गेल्यावर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. गेलेल्याच्या आवडीचं पत्रावळीवर मांडायचं आणि कावळ्याची वाट बघायची, ही रीत. भात, भजी, पेढा... आणि चंदगडहून आलेल्या चुलतभावानं त्याशेजारी दारूची बाटली ठेवली. "लई आवडायची त्याला. तिच्याबिगर कावळा शिवायचा न्हाय." वहिनींनी मान खाली घातली. मी बाटली उचलली. झाकण उघडंच होतं. आतापर्यंतच्या लिहिण्यात थोडं तिखट-मीठ आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच. पण पुढचं वाक्य कोरडं आहे. वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सगळे कावळ्याकडे बघत होते. एक घोट कुणाला दिसला असता? हाक मारायला बंडा नव्हता... मग मीच मोठ्यानं म्हणालो, "सखाराम गणू, बाहेर ये." माणसं दचकून बघायला लागली. मी बाटली मातीत उपडी केली.

"आता कावळा शिवला न्हाय तर?" चुलतभाऊ म्हणाला.

"न शिवू दे. बंडानं सोडलेली वस्तू त्याच्या पानात यायची न्हाय."

वहिनींनी मान वर केली आणि बाटलीच्या जागी चहाचा कप ठेवला. कावळा तासभर आला नाही. शेवटी पान गाईला घातलं. माझा स्वभाव बघता मी इथं कावळ्यांचा थवा उतरवला असता. पण नाही आला. आमचं काही बिघडलं नाही.

परवाच्या गुरुवारी एकटाच गेलो. माझा आवाज बंडासारखा नाही, शेळीसारखा आहे. तरी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो. "पावणं, दारू सोडायची बैठक कुठं भरती हो?"

आक्कांचे केस आता पांढरे झालेत. गॅलरीतून वाकून त्या नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाल्या, "दगडी शाळंच्या मागची खोली. सरळ जावा. दार उघडंच असतंय."

मी चालू लागलो. माझ्या पायात रबरी सपाता होत्या. मागून मात्र कोल्हापुरी चपलांची करकर येत होती, मी थांबलो की थांबणारी. वळून बघितलं नाही, त्याला लाज वाटली असती. नुसता जरा हळू चाललो.