बिनवासाचं घर

लग्न होऊन या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी माझ्या बॅगेतून सुगंधी साबण, केसांचं तेल आणि माझ्या बहिणीने हौसेने दिलेली सेंटची बाटली काढून घेतली. बदल्यात हातावर साबणाची एक पांढरी वडी ठेवली. तिला कसलाही वास नव्हता.

"राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांच्या नाकावर आपलं घर चालतं."

राग आलाच. एक तर माझा स्वभाव तापट, त्यात नव्या नवरीचा तोरा. मनात म्हटलं, लोकांच्या सासऱ्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, आमच्याकडे सगळं घरच त्या शेंड्यावर बसलंय.

सासरे, म्हणजे आमचे बाबा, जुन्या स्कॉच व्हिस्कीच्या एका दुकानात चव घ्यायच्या कामावर होते. दुकानाच्या माडीवर एक लांब टेबल होतं. त्यावर पांढरा कागद अंथरलेला आणि निमुळत्या तोंडाचे छोटे ग्लास मांडलेले, प्रत्येकावर काचेची चकती झाकलेली. कुठली बाटली दुकानात ठेवायची आणि कुठली परत पाठवायची, हे बाबा ठरवत. शिवाय शनिवारी सकाळी गिऱ्हाइकांना समोर बसवून वास घ्यायला शिकवत. सकाळीच, कारण जेवणाआधी नाक तल्लख असतं. उतावळी माणसं ग्लासात नाक खुपसत आणि डोळे पुसत बसत.

"घाई काय आहे?" बाबा म्हणत. "ती पंचवीस वर्षं पिंपात थांबली, तुम्हाला दोन मिनिटं थांबवत नाही?"

ग्लास हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि तिला आपल्या पावलाने वर येऊ द्यायचं. मग पाण्याचा एखादा थेंब, मग पुन्हा वास. शेवटी घोट तोंडभर फिरवून बाबा शेजारच्या भांड्यात थुंकत. जन्मभर इतकी उंची दारू तोंडात घेऊन एकदाही न झिंगलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्याकडूनच मला कळलं, की लाकडी पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते. त्या धंद्यात त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. "जुनी होते म्हणजे काय, कमी कमी होत जाते," बाबा सांगत. "उरते ती मात्र ऐकण्यासारखी असते." व्हिस्की ऐकायची कशी, ते मला आजही कळलेलं नाही, पण ते असंच बोलत.

तर या नाकापायी आमच्या घरात सेंट नाही, पावडर नाही, बाबा बाहेर पडेपर्यंत लसूण परतायचा नाही. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, हे इतकी वर्षं बिनबोभाट पाळलं होतं. संध्याकाळी बाबा आले, की त्यांचा करडा कोट आई स्वतः घेत आणि दाराशेजारच्या खुंटीला लावत. मला कधी हात लावू देत नसत, धुलाईलासुद्धा क्वचितच टाकत. मला वाटायचं, सत्ता गाजवायची हौस, दुसरं काय!

बाबांना नोकरीचं शेवटचं वर्ष लागलं आणि त्या थंडीत ते तापाने आडवे झाले. आठवड्याभरात उठले, पुन्हा कामाला जाऊ लागले. एका सकाळी मी दूध तापत ठेवून फोन घ्यायला बाहेर गेले. परत येते तर दूध करपून पातेल्याचा कोळसा झालेला, स्वयंपाकघर धुराने भरलेलं, आणि बाबा पाठमोरे खिडकीशी पेपर वाचत बसलेले. दूध नासणार हे आदल्या दिवशी सांगणारा माणूस! मी गॅस बंद केला. त्यांनी वळून पाहिलं, धूर पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"पेपरात गुंगलो होतो गं," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दुपारी आईंना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे."

"कसं?"

"तुझी सेंटची बाटली जपून ठेवली होती ना, त्यातलं थोडं मागच्या आठवड्यात मानेला लावलं. चहा दिला, शेजारी बसले. काही बोलले नाहीत ते." भाजीची एक काडी मोडत त्या म्हणाल्या, "लग्नापासून पहिल्यांदा सेंट लावलं बघ. आणि त्यांना पत्ताच नाही."

त्या हसल्या आणि मग हसता हसता रडल्या. मी भाजीचं ताट बाजूला केलं आणि त्यांना जवळ घेतलं. तोवर आम्ही दोघी कधी इतक्या जवळ बसलो नव्हतो.

डॉक्टरांकडे चला, असं बाबांना सांगायचं मी ठरवलं, पण ते गुपचूप जाऊन आले होते, हेही आईंना ठाऊक होतं. वास परत येईल कदाचित, कदाचित येणार नाही, असं तिथे सांगितलं होतं. "त्यांना आपणहून सांगू दे," आई म्हणाल्या. "हे त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस."

दुकानात बाबा आठवणीवर निभावून नेत होते. नेहमीच्या बाटल्या त्यांना तोंडपाठ होत्या. नवीन माल आला, की पडशाचं निमित्त करून तो मालकीणबाईंकडे सरकवत. खरी कसोटी होती ती शेवटच्या दिवसाची. बाबा कामाला लागले त्याच वर्षी पिंपात भरलेल्या व्हिस्कीची एक बाटली मालकीणबाईंनी कपाटात राखून ठेवली होती. ती बाबांच्या हातून शेवटच्या दिवशी उघडायची आणि तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलायचं ते बाबांनी, असं कधीचं ठरलेलं. ती कुणीच चाखलेली नव्हती, त्यामुळे तिथे पाठांतर कामाला येणार नव्हतं. ज्या बाटलीबद्दल बाबा वर्षानुवर्षं लहान मुलासारखे बोलत आले होते, तिचं नाव निघालं की आता ते विषय बदलत.

तो दिवस रविवारचा होता. जुनी गिऱ्हाइकं नटूनथटून आली होती आणि या खेपेला घरच्यांनाही बोलावणं होतं. आई त्या माडीवर पहिल्यांदाच पाऊल ठेवत होत्या. टेबलाच्या कडेवरून त्यांनी एकदा हात फिरवला आणि बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

बाबांनी बूच काढलं. ग्लासांत थोडी थोडी ओतली, रंग पाहिला, ग्लास हनुवटीपाशी धरला. तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. मी आईंचा हात घट्ट धरून बसले होते. बाबांनी डोळे उघडले, ओठ हलवले. आता हे काहीतरी सुंदरसं ठोकून देणार आणि लोक माना डोलावणार, असं मला वाटलं. खरं सांगते, त्यांनी ठोकून द्यावं असंच मी मनात म्हणत होते.

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मला वास येत नाही," बाबा म्हणाले. "थंडीपासून नाही येत. कशाचाच नाही. या बाटलीबद्दल खोटं बोलायला जीभ रेटत नाही."

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. बाबा टेबलावरच्या पांढऱ्या कागदाकडे बघत बसले. एवढा मोठा माणूस, एकदम लहान दिसायला लागला.

आईंनी माझा हात सोडवला आणि बाबांचा ग्लास उचलला. "कसा धरायचा हो?"

बाबा चमकले. "हनुवटीपाशी. तोंड जरा उघडं ठेव. घाई नको."

आईंनी घाई केली नाही. मग त्या इतक्या साधेपणाने बोलल्या, की आधी मला नीट उमगलंच नाही.

"अहो, हा तर तुमच्या कोटाचा वास."

"काय?"

"रोज संध्याकाळी तुम्ही दारात उभे राहता ना, तो. मी कोट खुंटीला लावते, तेव्हा येतो तो. आधी थोडा धूर, मग जुनं लाकूड. आणि कॉलरपाशी मधासारखं काहीतरी. हा वास आला, की मला कळायचं, आले घरी." त्यांनी पुन्हा ग्लास वर घेतला. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "थेंबभर पाणी घाल," ते कसेबसे म्हणाले. "आता सांग."

"आता धूर मागे गेला. मध पुढे आला."

"किती पुढे?"

असे ते दोघं बोलत राहिले. बाबा विचारत, आई सांगत आणि टेबलाभोवतीची माणसं आपापल्या ग्लासात तो कोट शोधत. शेवटी आईंनी घोट घेतला. बाबांनी सवयीने भांडं पुढे केलं.

"थुंकायचं असतं."

"इतक्या वर्षांनी वाट्याला आलीये," आई म्हणाल्या, "थुंकते कशाला?" आणि त्यांनी गिळून टाकला. तेव्हा कुठे सगळे हसले, बाबासुद्धा.

घरी आल्यावर आईंनी माझी सेंटची बाटली कपाटातून काढून दिली. "घे, आता वापर खुशाल. लसूणही पाहिजे तेव्हा परतत जा."

लसूण मी परतते. सेंटची बाटली मात्र मी अजून उघडलेली नाही. कारण करडा कोट खुंटीवरच आहे, आणि बाबा आता कामावर जात नसल्यामुळे त्याच्यावरचा वास दिवसेंदिवस विरळ होत चाललाय. संध्याकाळी आई दाराशी जातात आणि कॉलरला नाक लावतात. बाबा खुर्चीतून त्यांच्याकडे बघत असतात, विचारत काही नाहीत.

"आहे अजून," आई सांगतात.