लोहाजीचा रुसवा

बडोद्यात आजवर जेवढे जावई रुसले असतील, त्या सगळ्यांचे रुसवे एका पारड्यात टाकले आणि दुसऱ्या पारड्यात माझ्या साडूंना एकट्याला बसवलं, तरी साडूंचंच पारडं खाली जाईल. लग्नात जावयाने रुसावं, सासरच्यांनी मनधरणी करावी, एखादी अंगठी पुढे करावी आणि सगळं गोड व्हावं, ही आपल्याकडची जुनी रीत. बाकीचे जावई ती मांडवापुरती पाळतात. साडूंनी ती व्रतासारखी जन्मभर पाळली. सासुरवाडीला माझ्या कपात साय आली आणि त्यांच्या कपात आली नाही, म्हणून ती सगळी दिवाळी ते चहाला शिवले नाहीत. समा भागातल्या त्यांच्या सोसायटीसमोर कुणीतरी गतिरोधक घातला तो ह्यांना न विचारता, म्हणून ते स्कूटर मागच्या फाटकाने काढून लांबून वळसा घालत. फतेगंजातल्या सेव-उसळवाल्याने एकदा त्यांच्याआधी माझी बशी भरली, तर ते माझ्यावर रुसले नाहीत, त्याच्यावर रुसले नाहीत, उसळीवर रुसले. तिखट रस्सा निवून त्यावर तर्री गोठेपर्यंत ते बशीकडे पाठ करून उभे होते.

त्यांच्या रुसण्यात आदळआपट नसे. खुर्ची खिडकीकडे वळवायची, जगाकडे पाठ करायची आणि तोंडाला कुलूप घालायचं. शेजारच्या गुजराती बेन जिन्यात माझ्या थोरल्या मेहुणीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारत, "भाभी, साहेब पाछा रिसाया?" ताई हसून मान हलवत, ताट वाढून आत नेत आणि दार लोटून घेत. आत त्या काय बोलत ते कुणाला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळाने पुन्हा भात मागणारा साडूंचा आवाज सोसायटीच्या फाटकापर्यंत पोहोचे. आवाज मात्र देवाने दिला होता. एका "असं का?" मध्ये ते कौतुक, टोमणा आणि धमकी, जे हवं ते भरू शकत. मी नवी गाडी घेतली तेव्हा ते नुसतं "वा!" म्हणाले, आणि ती गाडी मला पुढे कधीच आवडली नाही.

नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी यंत्रांच्या देखभालीत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, हे चित्रकथेला लागले. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी एक वीरपुरुष काढला, लोहाजी. साडूंचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते, तेव्हा हाही शिलेदाराच्याच वंशातला. कारखान्यातल्या स्फोटात तो अर्धाअधिक उडतो आणि फिटर लोक त्याला हाताशी असलेल्या सुट्या भागांनी जोडतात. छातीवर दाबमापक, खांद्यात वाफेची झडप, एक पाय पोलादी, दुसरा घरचा. हा लोहाजी दरवर्षी सोसायटीच्या गणपतीत भिंतीवर टांगला जाई आणि साडू हातात छडी घेऊन, सगळ्यांचे आवाज काढत, तो वाचून दाखवत. चोरांशी लोहाजी गुजरातीत बोले, बायकोशी मराठीत. विश्वामित्रीला पूर आलाय, मगरी रस्त्यावर आल्यात, त्यात एक मगर शत्रूने सोडलेली यांत्रिक आहे, सगळं शहर लोहाजीची वाट बघतंय, आणि लोहाजी घरी भिंतीकडे तोंड करून बसलाय, कारण बायको त्याला "पत्र्याचा डबा" म्हणाली. मग ती बायको (हुबेहूब ताई, नाकातल्या चमकीसकट) त्याची समजूत काढणार, आणि मग मगरीचं काय व्हायचं ते होणार. दरवर्षी लोहाजीचा एखादा अवयव कमी होई आणि त्या जागी लोखंड येई, पण रुसणं काही सुटत नसे.

मी एकदा म्हटलं, साडूभाऊ, तुमचा वीर लढतो कमी आणि रुसतो जास्त. त्यावर ते गंभीर झाले. "यंत्र बिघडतं, बंद पडतं, फार तर फुटतं," ते म्हणाले, "पण रुसत नाही. रुसायला समोर कुणीतरी आपलं लागतं. हा ज्या दिवशी रुसायचा थांबेल ना, त्या दिवशी समजा, आत माणूस उरला नाही."

गेल्या वर्षी होळीनंतर ते गप्प झाले. घरात तेव्हा पुरणपोळीवरून काहीतरी झालं होतं, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. दोन दिवस ताट पुढे करून ताईही कंटाळल्या. "बसू दे रुसून," त्या आमच्या हिला फोनवर म्हणाल्या, "ह्या खेपेला मीही बघते किती दिवस बसतात." बेनने जिन्यात नेहमीचा प्रश्न विचारला, ताईंनी नेहमीसारखी मान हलवली. साडू खिडकीकडे तोंड करून बसलेले आणि घास गिळताना मान वाकडी करणारे. तोही आम्हाला रुसव्यातलाच एक नवा नखरा वाटला. दुसऱ्या कुठल्याही घरात माणूस इतके दिवस बोलला नसता तर डॉक्टर आला असता. आमच्या घरात सगळे त्याने हसावं म्हणून थांबले होते. शेवटी त्यांनीच खुर्ची फिरवली आणि घशाला हात लावून खरखरत्या आवाजात सांगितलं, "अगं, मी रुसलो नाहीये. आवाजच निघत नाहीये." ताईंच्या हातातलं ताट तिथेच राहिलं.

घशात गाठ होती. बोलण्याचं जे काही असतं ते सगळंच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. "स्वरयंत्र काढायचं," ते म्हणाले तेव्हा साडू उरल्यासुरल्या आवाजात मला म्हणाले, "म्हणजे जन्मापासून एक यंत्र होतंच की माझ्यात." त्यांच्या घशातून मी ऐकलेला हा शेवटचा विनोद. ऑपरेशन नीट पार पडलं. आता ते गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतात आणि बोलायचं झालं की बॅटरीएवढं एक यंत्र मानेला टेकवून बोलतात. शब्द कळतात. पण "चहा टाक," "घराला आग लागली" आणि "तू फार दमलीस गं" ही तिन्ही वाक्यं त्यातून एकाच सुरात, गिरणीच्या घरघरीसारखी येतात.

आणि साडू रुसायचे थांबले. पुढे येईल ते खात, सांगू तिथे बसत, औषध वेळेवर घेत. ताईंची झोप उडाली. त्यांनी मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. ह्यांनी ती मुकाट्याने ओरपली. मी त्यांच्या देखत त्यांच्या खुर्चीत बसलो. ते शांतपणे वेताच्या मोड्यावर टेकले. गणपतीत आमच्या हिने सगळ्यांसमोर मोदकांचा पहिला मान मला दिला, आणि आम्ही तिघं श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी यंत्र मानेला लावून "छान" म्हटलं. त्या वर्षी भिंतीवर लोहाजी नव्हता. "पुरे आता," एवढंच त्यांनी सांगितलं. आत माणूस उरला नाही तर काय, ही भीती ताईंनी बोलून दाखवली नाही, पण ती आम्हा सगळ्यांना होती. मला तर फार होती.

दसऱ्याला आम्ही जेवायला गेलो होतो. ताईंनी दिवसभर खपून श्रीखंड केलं होतं. साडूंनी वाटी संपवली, पुन्हा हवं का म्हणून विचारल्यावर आधी मान हलवली, मग म्हणाले, "चालेल. नसलं तरी चालेल." एवढंच. ताईंनी वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या कधी रुसल्या नव्हत्या. त्या घरात रुसायची जागा रिकामीच कधी नव्हती. आम्ही दोघं पानावर तसेच बसून राहिलो. साडू उठले. ताट घेतलं, यंत्र घेतलं आणि आत गेले. ह्या खेपेला दार लोटायचं कुणाला सुचलं नाही.

"जेव," यंत्र म्हणालं. थोड्या वेळाने पुन्हा, "जेव." ताई हलल्या नाहीत. मग तीच घरघर:

"मला हे येत नाही. मी कधी केलं नाही. तू काय म्हणायचीस मला?"

ताई रडत होत्या. रडता रडताच त्यांनी सांगितलं, "मी म्हणायचे, कोण बाई रुसलंय माझ्यावर?"

"कोण बाई रुसलंय माझ्यावर," यंत्राने म्हटलं, सपाट, जाहीर सूचना द्यावी तसं. "पुढे?"

"पुढे काही नाही. पुढे तुम्ही हसायचात."

आम्हाला दिसलं ते एवढंच की साडूंनी यंत्र पलंगावर ठेवलं, श्रीखंडाचा चमचा भरला आणि तो तसाच हातात धरून बसले. ताईंनी त्यांना बराच वेळ तसं बसवून ठेवलं, आणि मग तोंड उघडलं. आमची ही पदराने डोळे पुसत मला हळूच म्हणाली, आता तुम्ही तरी जेवा.

त्यानंतर ते पुन्हा रुसायला लागले आहेत, असं ताई सांगतात. कसं ओळखता, असं मी विचारलं तर म्हणतात, मला कळतं. मला कळत नाही. मला अजून तो "वा!" ऐकावासा वाटतो. परवा मी घरातली सगळी लग्नं, मुंजी, बारशी फोनवर लावून बघितली, कुठेतरी त्यांचा जुना आवाज सापडेल म्हणून. साडू प्रत्येक व्हिडिओत आहेत. प्रत्येक व्हिडिओत ते कडेच्या खुर्चीवर, कॅमेऱ्याकडे पाठ करून, कशावरून तरी रुसून बसलेले आहेत, आणि एकातही एक शब्द बोललेले नाहीत.