भिंतीवरचं कौलारू घर

हे मी आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितलेलं नाही. दूरच्या मळ्यांवर मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची जाहिरात शहाद्याच्या बाजारात भिंतीवर मीच रंगवली. अक्षरं वाचणार कोण, म्हणून त्याने कौलारू घर आणि दारात गाय काढायला लावली. तिथे धड झोपड्याही नाहीत, हे मला ठाऊक होतं.

ठेकेदार शेजारीच उभा असताना तोरणमाळकडचं एक जोडपं थांबलं. नवऱ्याने ओल्या रंगावर बोट ठेवलं. "हाई घर आमले भेटी का, भाऊ?"

"पेंटरले इचार, त्यानीच बांधेल शे!" ठेकेदार हसला.

दोघं माझ्याकडे बघत राहिली. माझी मजुरी अजून ठेकेदाराच्याच हातात होती. मी मान डोलावली.

पुढच्या उन्हाळ्यात बाई एकटीच परतली आणि त्या भिंतीपुढे बसून राहिली. माझ्याने तिच्याजवळ जाववलं नाही. मला आधीच ठाऊक होतं हे तिला सांगणं, एवढं देणं माझ्यावर अजून आहे.